वयली वाट बंद करू नका, ती कागदावर आणा

किनाऱ्याचा, जमिनीचा आणि पर्यटनाचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो, त्या सर्व मान्यवरांस,

सादर नमस्कार.

आमच्या कड्यावरच्या वाटेच्या तोंडाशी आपण एक फलक लावला आहे. वाट धोकादायक आहे, प्रवेश बंद, नियम मोडणाऱ्यावर कारवाई होईल, अशा तीन ओळी लाल अक्षरांत. फलक लागला त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. साठी ओलांडलेली, पेडणे तालुक्यात जन्मलेली, इथल्याच प्राथमिक शाळेत सव्वीस वर्षे शिकवलेली मी बाई आहे. ती सव्वीस वर्षे मी याच वाटेने शाळेत गेले. त्याआधी आईचे बोट धरून याच वाटेने चालले. गुन्हा केल्यासारखे मला तिथे पाऊल टाकावे लागेल, हे मनाला पटत नाही. म्हणून हे पत्र. आपल्या कार्यालयात अर्ज देऊन झाला, पोच मिळाली, उत्तर आले नाही. तेव्हा सगळ्यांच्या समोर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कोणती वाट, कोणते कुंपण, कोणाची जमीन, हे मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत असायला हवे त्यांना ते माहीत आहे. आणि माझे भांडण एका कुंपणाशी नाही. हरमलपासून केरीपर्यंत, पलीकडे हणजूण-वागातोरला, दक्षिणेत काब द रामपासून आगोंद-पाळोळेपर्यंत, गोव्यात जिथे जिथे डोंगर समुद्रात उतरला आहे तिथे अशा वाटा आहेत. आज आमच्या वाटेवर फलक लागला. उद्या दुसरीकडे लागेल.

आमच्याकडे दोन वाटा. वयली, म्हणजे वरची, आणि सकयली, म्हणजे खालची. वयली कड्याच्या माथ्यावरून, सड्याच्या, म्हणजे वरच्या सपाट कातळाच्या, कडेने जाते. सकयली खालून, खडपांवरून, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरून, आणि तीही फक्त सुकतीला, ओहोटीला. भरती आली की सकयली वाट समुद्राची. हरमलच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला जो गेला असेल त्याला मी काय म्हणते ते कळेल: खडपांच्या कडेने वळसा घालायचा, समुद्राला लागून असलेले गोड्या पाण्याचे तळे ओलांडायचे, मग चढ चढून सड्यावर यायचे आणि पलीकडे केरीच्या सुरूच्या बनात उतरायचे. समोर तेरेखोलची नदी, तिच्या पल्याड किल्ला. बाहेरचे लोक याला ट्रेक म्हणतात. म्हणू देत. माझी आई या टापूतल्या वाटांनी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जायची. रापणीचे जाळे किनाऱ्यावर ओढून झाले की मासळी मऊ पडायच्या आत केरी गाठायची, होडीने तेरेखोलला उतरायची आणि रेडीच्या वाटेला लागायची. परत येताना पाटीत तांदूळ आणि माझ्यासाठी कधीतरी चणे. चढावर एका ठिकाणी चिऱ्याचा चौथरा आहे, कमरेएवढा. ओझे दुसऱ्याच्या मदतीशिवाय उतरवता यावे आणि पुन्हा डोक्यावर घेता यावे म्हणून कोणीतरी कधीतरी रचलेला. तो कोणी बांधला हे आईलाही माहीत नव्हते. तो चौथरा आता कुंपणाच्या आत गेला आहे.

मी शिक्षिका झाले तेव्हा मुलांना वर्षातून दोनदा तरी या वाटेवर न्यायची. पुस्तकातला इतिहास फळ्यावर लिहून जेवढा समजत नाही तेवढा इथे उभे राहून समजतो. समोरचा तेरेखोल किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, 1746 मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेला, आणि 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी तिथे शिरून तिरंगा फडकवला. गोवा मुक्त व्हायला अजून सात वर्षे होती. मुले किल्ल्याकडे बघत गप्प व्हायची. कोणीतरी विचारायचे, बाई, मग त्यांना पकडले का? त्या प्रश्नासाठी मी त्यांना तिथवर चालवत नेत असे.

आणि पावसाळ्याच्या शेवटी सडा. मार्च-एप्रिलमध्ये हाच सडा भाजलेल्या विटेसारखा दिसतो, त्यावर पाय ठरत नाही. सप्टेंबरमध्ये त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवे फुलतात, गेंद फुलतो, तेरडा, कवला. दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती आहे, पानांवरच्या चिकट थेंबांत किडा अडकवते. मुलांना मी विचारायची, हिला किडे का लागतात? उत्तर मातीतच आहे. कातळावरच्या या पातळ मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून झाड ते किड्यातून घेते. सीतेची आसवेही तेच करतात, जमिनीखालच्या बारीक पिशव्यांनी. ज्याला आपण कागदावर पडीक जमीन, खडकाळ जमीन म्हणतो तिथे हे चालते. वर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालत असतो, आमच्याकडे त्याला काकण म्हणतात. हिवाळ्यात कड्याच्या टोकावर निळा कस्तूर येऊन बसतो.

हे सगळे लिहिले कारण फलक लावणाऱ्याला ही वाट पर्यटकांनी फोटोसाठी पाडलेली वाटली असावी. तिथून चालणारे लोक कोण आहेत हे त्याने पाहिलेले नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत गावातले पुरुष गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, घेऊन कड्यावरून खाली ठरलेल्या खडपांवर उतरतात. तांबोसा मिळतो, गोबरा मिळतो, त्या दोन महिन्यांत घरात आलेली तीच ताजी मासळी. सुकतीला बायका कालवे काढायला जातात. गुरे सड्यावर चरायला जातात आणि गुरांमागे माणसे. आणि हो, चालायला येणारेही असतात, पणजीहून, पुण्याहून, परदेशातून. मला त्यांचे वावडे नाही. पायी येणारा पाहुणा सकाळी निघतो, दुपारी आमच्या टपरीवर चहा आणि भजी खातो, वाट विचारतो, नाव विचारतो, जातो. त्याला गाडी ठेवायला जागा लागत नाही, डोंगर कापावा लागत नाही. गोव्याला असा पाहुणा हवा असे आपणच भाषणांत सांगता. त्याला चालायला उरलेली जागा आपल्याच फलकाने बंद झाली.

आता तक्रारी.

पहिली आणि माझ्या जिवाला लागलेली. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या बहिणीचा मुलगा कड्यावरून पडला. तो दारू प्यायलेला नव्हता, फोटो काढत नव्हता, वाट चुकला नव्हता. लहानपणापासून तो तिथे गरी घालतो. पण सड्यावर सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली, आणि जुनी वाट तारेच्या आत गेली. लोक तारेच्या बाहेरून, उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवरून चालू लागले. ती पट्टी कड्याच्या अगदी ओठावर आहे. पहाटे पाऊस होऊन गेला होता. पायाखालचा चिऱ्याचा एक मोठा तुकडा सुटला आणि मुलगा त्याच्याबरोबर दोन पुरुष उंचीइतका खाली एका कपारीवर आदळला. नडगीचे हाड मोडले. त्याच्याबरोबरच्या चौघांनी लुंगी आणि गरीच्या काठ्या बांधून झोळी केली, त्याला वर ओढला. कुंपणाच्या आतून रस्ता सरळ डांबरी रस्त्याला मिळतो, दहा मिनिटांचा. फाटकाला कुलूप होते. राखणदाराकडे चावी नव्हती, मालकाचा फोन लागला नाही. शेवटी त्याला पुन्हा खाली उतरवून सकयल्या वाटेने, भरती चढत असताना, गुडघाभर पाण्यातून आणले. 108 ची गाडी येऊन थांबली होती, पण माणूस गाडीपर्यंत पोचायला अडीच तास गेले. मुलगा वाचला. बोटीवर जात होता, आता जात नाही. डाव्या पायावर जोर पडत नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आपला फलक लागला. त्या अपघाताचे कारण आपण काय लिहिले असेल ते मला कोणी दाखवले नाही. पण फलक सांगतो की दोष चालणाऱ्याचा. कुंपण होते तिथेच आहे, फाटकाला कुलूप तसेच आहे.

वाट बंद केल्याने धोका टळत नाही, हे किनाऱ्यावरचे लहान मूलही सांगेल. गरी घालणारा घरी बसणार नाही, कारण घरात चूल आहे. वयल्या वाटेवर कारवाई होईल म्हटल्यावर तो सकयल्या वाटेने जाईल. आणि सकयली वाट रोज एकाच वेळी मोकळी नसते. आजची सुकती उद्या साधारण पाऊण तास पुढे सरकते, परवा आणखी पुढे. गावच्या माणसाला हे तिथीवरून कळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण किती चढेल हे तो ओळखतो. पण काल रात्री हॉटेलात उतरलेल्या मुलांना हे कोण सांगणार? वर बंदी दिसली की ती खालून निघतात, जाताना खडपे कोरडी असतात, परतताना मागे पाणी आणि पुढे कडा. अशा मुलांना आमच्या लोकांनी हात देऊन वर ओढले आहे, ओढणाऱ्यांतले दोघे माझे विद्यार्थी. आता वर ओढायचे म्हणजे बंदी असलेल्या वाटेवर ओढायचे.

दुसरी तक्रार कागदाची, आणि बाकी सगळ्याचे मूळ तीच. वाट अडवली म्हणून आम्ही विचारायला गेलो तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर, वाट दिसत नाही, मोजणीच्या नकाशावर वाट दिसत नाही, म्हणजे वाट नाही. मोजणी झाली तेव्हा आईची पिढी रोज तिथून चालत होती. अंगणातून जाणारी वाट कोणी लिहून घ्यायला सांगत नसते. शेजाऱ्याच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, जाताना आम्ही फक्त खोकून जायचो, म्हणजे घरात कोणी असेल तर कळावे. जमीन भाटकाराची, म्हणजे मालकाची, झाडे त्याची, काजू त्याचे, पण वाट सगळ्यांची, यात कोणालाच शंका नव्हती. 2022 च्या डिसेंबरमध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि या तालुक्यातल्या जमिनीला जो भाव आला तो आम्ही कधी ऐकला नव्हता. जमीन घेणारा कागद बघून घेतो. कागदावर वाट नसली तर त्याच्या दृष्टीने ती खरोखरच नसते. मी त्याला सगळा दोष देत नाही. कागद पुरा करण्याचे काम त्याचे नव्हते, आपले होते.

कोणी म्हणेल, कायदा आहे, दाद मागा. आहे. मामलेदार न्यायालयाचा 1966 चा कायदा आहे, परंपरेने चालत आलेली वाट कोणी अडवली तर मामलेदाराकडे जाता येते. पण तिथे प्रत्येक वाटेसाठी, प्रत्येक अडवणुकीसाठी, कोणीतरी एकट्याने उभे राहायचे. साक्षीदार आणायचे, तारखांना जायचे, वकिलाचे पैसे द्यायचे. साक्षीदार म्हणजे ऐंशीच्या घरातली माणसे. माझी आई असती तर ती चांगली साक्ष देती. ती गेली. दर पावसाळ्यात आमचे साक्षीदार कमी होतात.

कागदावर लिहिल्याने काय होते हे आमच्याच किनाऱ्यावर बघायला मिळते. 2011 च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग ही चार नावे कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून आली. नावे छापली गेली म्हणून आज कासवीण किनाऱ्यावर चढली की तिच्या अंड्यांभोवती जाळी लागते, राखण बसते. मला त्याचा आनंद आहे, मी मुलांना घेऊन ती पिल्ले समुद्रात जाताना पाहिली आहेत. त्याच अधिसूचनेत असेही लिहिले आहे की किनारी आराखड्याच्या, म्हणजे किनाऱ्याच्या व्यवस्थापनाच्या आराखड्याच्या, तपशीलवार नकाशांवर मच्छीमार गावे, मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासे सुकवण्याच्या जागा, रस्ते, शाळा दाखवाव्यात. गोव्याच्या त्या आराखड्याला मंजुरी मिळायला 2022 उजाडले. सामाईक जागांत वाट येत नाही का? गरी घालण्याची ठरलेली खडपे येत नाहीत का? आता 2019 च्या अधिसूचनेवर आधारलेल्या आराखड्याचा प्रश्न आहे. तिच्यात दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासूनचा बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणायची मुभा आहे. कड्याच्या माथ्यावरची वाट बहुतेक ठिकाणी या दोन आकड्यांच्या मधोमध पडते. आज ती नकाशावर आली नाही तर उद्या तिथे इमारत कायदेशीर असेल आणि आम्ही बेकायदेशीर.

तिसरी तक्रार आपल्या पुढच्या बेताविषयी. ऐकले आहे की वाट बंद करून तिच्या एका टोकाला व्ह्यू पॉइंट बांधायचा, काँक्रीटचा चौथरा, लोखंडी कठडा, फरशी, दिवे. त्याविषयी गावात कोणाला विचारलेले नाही, तेव्हा मी माझ्यापुरते सांगते.

आमचा कडा एका दगडाचा नाही. वर जांभ्याचा, म्हणजे चिऱ्याचा थर, उन्हापावसाने टणक झालेला. त्याच्याखाली मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमाती. चिरा भोकाभोकांचा असतो, पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते, चिकणमातीशी येऊन अडते आणि आडवे सरकत कड्याच्या पोटातून बाहेर पडते. जुलैमध्ये खालून पाहिले तर कड्याला मध्यावर ठिकठिकाणी पाझर सुटलेले दिसतात. ती माती वाहून जाते, पायथा लाटा पोखरतात, आणि वरचा चिऱ्याचा ओठ अधांतरी राहतो. वरून चालणाऱ्याला पायाखाली घट्ट कातळ दिसतो, खाली पोकळ आहे हे दिसत नाही. खडपांवर पडलेले घरांएवढे चिरे हे असेच सुटून आलेले.

जुन्या लोकांना हे शब्दांत सांगता आले नसते, पण त्यांनी वाट कड्यापासून दहा-पंधरा पावले आत पाडली होती. कुंपणाने ती ओठावर ढकलली. आता आपण त्याच ओठाला छिद्रे पाडून कठडा रोवणार, वर काँक्रीट ओतणार. काँक्रीटवर पडलेले पाणी झिरपणार नाही, एका बाजूने लोंढ्याने कड्यावरून उतरणार आणि तिथे घळ पाडणार. आणि कठडा दिसला की माणूस निर्धास्तपणे त्याला रेलतो. वर चाळीस माणसे, खाली पोकळी. केरळमध्ये वर्कलाला असाच जांभ्याच्या माथ्याचा कडा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला भूवैज्ञानिक स्मारक मानले आहे. त्याच्या माथ्यावर हॉटेले आणि दुकाने ओळीने उभी राहिली, आणि तो कडा ढासळतो आहे. आपले अधिकारी अभ्यासदौऱ्यांना जातात. एकदा पावसाळ्यात तिथे जाऊन यावे.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. डोंगर कापायला नगर नियोजन कायद्याच्या 17अ कलमाखाली आधी परवानगी लागते, पण आमच्या सड्याच्या उतारावर यंत्र येते ते शनिवारी संध्याकाळी, आणि सोमवारी तक्रार द्यायला जावे तोवर लाल माती उघडी पडलेली असते. वाटेच्या कडेच्या घळीत बाटल्या आणि सांडपाणी सोडले जाते, ते पहिल्या पावसात झऱ्यात उतरते. किनाऱ्यांवर 2008 पासून जीवरक्षक आहेत, ते चांगले काम करतात, पण दोन किनाऱ्यांच्या मधला कडा कोणाच्याच हद्दीत नाही.

आम्हाला काय हवे ते आता सांगते.

फलक काढा. त्याच्या जागी दुसरा लावा, मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत. त्यावर त्या आठवड्याच्या भरती-सुकतीच्या वेळा असू देत, कडा कुठे पोकळ आहे ते असू दे, पावसात कोणता उतार टाळायचा ते असू दे. आठवड्याला वेळा बदलून लिहायचे काम शाळेतली मुले करतील. मी निवृत्त आहे, मी त्यांच्याकडून करून घेईन.

वाटेची मोजणी करा. भूमापनाचे लोक, पंचायत, जमिनीचे मालक, गरी घालणारे आणि गावातली दोन-चार वयस्कर माणसे यांनी एकत्र चालून वयली वाट आणि खाली उतरणाऱ्या तिच्या फाट्या नकाशावर घ्याव्यात. मालकांनाही बोलवा, त्यांना चोर ठरवून हे होणार नाही. त्यांच्यापैकी काहींनी आम्हाला स्वतःहून सांगितले आहे की कायमची आणि स्पष्ट रेषा मिळाली तर त्यांनाही बरे. ही नोंद एक-चौदाच्या उताऱ्यावर आणि किनारी आराखड्यात, दोन्हीकडे यावी. आणि तिच्यात एक वाक्य असावे: कडा ढासळून मागे आला तर वाटही तेवढीच आत सरकेल. हे अशक्य नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची सलग पायवाट 2009 च्या कायद्याने आखली गेली, तिच्यात अशी तरतूद आहे. जिथे कडे दरवर्षी झिजतात तिथे तिच्याशिवाय नोंदीला अर्थ नाही, दहा वर्षांत नोंदलेली वाट समुद्रात असेल.

ही मोजणी होईपर्यंत कुंपण जुन्या वाटेच्या आतल्या बाजूला घ्यायला लावा. तेही लगेच जमत नसेल तर फाटकाचे कुलूप काढायला लावा. हे आजच करता येते. त्याला निविदा लागत नाही.

कड्यावर काँक्रीट नको, कठडा नको, दिवे नको. जिथे उतार घसरडा आहे तिथे सुट्या चिऱ्यांच्या पायऱ्या घाला. गडगे, म्हणजे सुट्या दगडांचे बांध, रचणारे दोन वयस्कर कारागीर अजून गावात आहेत. चुना-सिमेंट न घालता त्यांनी रचलेल्या पायऱ्यांतून पाणी वाहून जाते आणि एखादी ढासळली तर हाताने पुन्हा बसवता येते. त्यांना या कामाची मजुरी द्या आणि चार तरुण हाताखाली द्या.

वाटेवर ठरावीक अंतरावर चिऱ्यांवर आकडे रंगवा. पडलेला माणूस किंवा त्याच्याबरोबरचा 108 ला फोन करून निदान सांगू शकेल की आम्ही अमुक आकड्याजवळ आहोत. आमच्या मुलाच्या वेळी गाडीवाल्याला ठिकाण समजावण्यात अर्धा तास गेला. दोन टोकांना एक स्ट्रेचर आणि दोरखंड ठेवा, किल्ली शेजारच्या घरात. गरी घालणाऱ्यांपैकी आठ-दहा जणांना मोडलेले हाड कसे बांधायचे, माणूस कसा उचलायचा एवढे शिकवा. ते तसेही धावत जातातच.

आणि सड्यावर किंवा त्याच्या उतारावर कापणी, बांधकाम, रूपांतर यासाठी कोणताही अर्ज आला तर तो निर्णयाआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. निर्णय झाल्यावर आम्हाला नोटीस वाचायची नाही.

यातली एकही मागणी पैशांअभावी अडेल असे मला वाटत नाही. व्ह्यू पॉइंटच्या खर्चाच्या लहानशा वाट्यात पायऱ्या, आकडे आणि स्ट्रेचर होतील.

पुढच्या ग्रामसभेत मी वाटेच्या मोजणीचा ठराव मांडणार आहे. सूचक मी, अनुमोदक माझ्या बहिणीचा मुलगा. त्याआधीच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही काही जण फलकापासून निघून पलीकडच्या टोकापर्यंत चालणार आहोत. कारवाई होणार असेल तर त्यासाठी माझे नाव आणि पत्ता आपल्याकडे पोच दिलेल्या अर्जावर आहे. पण आपण कारवाईसाठी येण्यापेक्षा चालायला यावे अशी माझी मनापासून विनंती आहे. सकाळी सुकती आहे, म्हणजे खालून कड्याचे पोटही दाखवता येईल. साधारण दोन तास लागतात, तारेमुळे वळसा पडतो म्हणून थोडे जास्त. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला, कातळ अजून ओला आहे. पाणी आम्ही आणू.

आपली,
पेडणे तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका